माशीची उंची

माझ्या हातून माप चुकत नाही, हे मी आजवर निदान हजार लोकांना ऐकवलं असेल. त्यातली निम्मी गिऱ्हाइकं होती, म्हणजे ऐकून घेणं त्यांना भागच होतं. वहिनी म्हणतात, मी फुशारकी मारते. मारते. सव्वीस वर्षं लोखंड घट्ट पकडणाऱ्या शेगड्यापुढे उभी राहून कानस चालवलेल्या बाईने थोडी फुशारकी मारली तर कुणाच्या घरचं काही जात नाही.

आमचं बंदूक दुरुस्तीचं दुकान आहे. पुढे रस्त्याकडे काउंटर, मागे कामाची खोली, वर दादा आणि वहिनींचं घर. मी दोन गल्ल्या सोडून राहते आणि सकाळी नऊला दुकानात असते. लाकडाचं आणि चापाचं काम दादाचं, बारीक धातूकाम माझं. त्यातही नेम धरायच्या खुणा खास माझ्या. रायफलीच्या पुढच्या टोकाला एक उभं पातं असतं, त्याला माशी म्हणतात, आणि मागे खाच पाडलेली पट्टी असते. डोळ्याने खाचेतून माशी बघायची, माशीचा माथा खाचेच्या दोन्ही कडांशी समतल आणायचा आणि त्यावर निशाण बसवायचं. हल्ली बहुतेक लोक वर दुर्बीण बसवून घेतात, त्यामुळे माशीची कामं कमी झाली आहेत. पण येतात ती माझ्याकडेच येतात.

दुकानात बाबांच्या वेळेपासून एक नियम आहे. ज्याने माशी बनवली त्याने ती मारून बघायची नाही. बनवणाऱ्याचा डोळा लबाड असतो, आपल्या हातची चूक तो नकळत सांभाळून घेतो, असं बाबा म्हणायचे. म्हणून माशी मी बनवायची आणि नेमबाजीच्या रेंजवर जाऊन गोळी मारायची दादाने. तो निशाणाचा कागद घेऊन परत येणार, मी भोकं बघून कानस लावणार. आमचं सगळं दुकान माझ्या हातांवर आणि दादाच्या डोळ्यांवर चालतं, असं म्हटलं तरी चालेल.

तर दोन महिन्यांपूर्वी दादाने स्वतःच्या रायफलीची नळी बदलली. जुनी नळी तीस वर्षांत आतून झिजून गेली होती. नवी टोकाकडे निमुळती होत गेलेली, हलकी, त्याला फार आवडली. जुनी माशी जुन्या नळीला डाक देऊन, म्हणजे धातू वितळवून जोडलेली होती, म्हणून नवी करणं आलं; मागची पट्टी नळीवर नव्हे, रायफलीच्या अंगावर होती, ती तीच राहिली. मी जुन्या माशीची उंची मोजली. नळीच्या पाठीपासून, म्हणजे वरच्या पृष्ठभागापासून, आठ मिलिमीटर. नवीही आठच केली, केसाएवढाही फरक नाही, आणि नव्या नळीवरच्या खोबणीत ठोकून बसवली. दादा ती घेऊन रविवारी रेंजवर गेला.

सोमवारी सकाळी तो माझ्या शेगड्याजवळ येऊन उभा राहिला. पन्नास मीटरवर गोळी वर जातेय म्हणाला, जवळजवळ वीतभर वर. माशीचं माप बघितलं होतंस ना, असं विचारलं. मी त्या वेळी एका बारीक स्क्रूशी झटापट करत होते आणि माझा राग तसाही नाकावरच असतो.

"दोनदा बघितलंय," मी म्हणाले. "माशी बरोबर आहे. तू डोळे तपासून घे."

हे वाक्य मी गमतीत बोलले. आम्ही भावंडं एकमेकांशी असंच बोलतो, त्याने उलट काहीतरी ऐकवायचं आणि मग चहा. त्या दिवशी तो नुसतं बरं, म्हणाला आणि आपल्या टेबलाकडे गेला. मी स्क्रू काढला आणि विसरून गेले.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. बाबांचे डोळे काचबिंदूने गेले. साठीला आले तेव्हा सुरुवात झाली आणि चार वर्षांत त्यांना खिडकी कुठे आहे एवढंच कळायचं. पहिली खूण काय होती, तर त्यांच्या गोळ्या वर जायला लागल्या. डोळा अधू झाला की माशी धूसर होते, मग ती नीट दिसावी म्हणून माणूस तिला खाचेच्या वर काढतो, नळीचं तोंड वर होतं आणि गोळीही वर जाते. तेव्हा बाबांनी सहा महिने रायफलीला दोष दिला. नाचता येईना अंगण वाकडं, असं नंतर स्वतःलाच हसायचे, पण ते हसणं बघवत नसे. दादा आता एकोणसाठ वर्षांचा आहे.

पुढचे काही आठवडे दादा बदलत गेला आणि माझ्या ते उशिरा लक्षात आलं. आधी तर बरंच वाटलं. तो माझ्यावर ओरडेना. मी हत्यारं जागेवर ठेवली नाहीत तरी स्वतः उचलून ठेवायचा. मी चहा जास्त गोड केला तरी पिऊन टाकायचा. एकदा तर, तू आता थोडी विश्रांती घेत जा, असं म्हणाला. सव्वीस वर्षांत हे वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मग एका शनिवारी त्याने पुठ्ठ्यावर जाड पेनाने लिहिलं की या महिनाअखेरीनंतर नवीन काम घेतलं जाणार नाही, आणि तो पुठ्ठा काउंटरच्या काचेला आतून चिकटवला.

मी विचारलं, हे काय आहे. तो म्हणाला, गोळ्या अजून वरच जातात. दर रविवारी जाऊन बघतोय. बाबांसारखंच आहे. मग मारून कोण बघणार, आणि मारून न बघता काम द्यायचं का. मी म्हणाले, डॉक्टरकडे चल. तो नको म्हणाला. मी पुन्हा म्हणाले, वहिनी म्हणाल्या, मी रागावून म्हणाले, गयावया करून म्हणाले. तो दरवेळी एवढंच म्हणायचा की जे कळलंय ते पुन्हा ऐकायला कशाला जायचं. रागावला असता तर मी भांडले असते. तो शांत होता आणि शांत माणसाशी भांडता येत नाही.

दुकान बंद पडेल याचं मला एवढं वाटलं नाही, मी कुठेही चार कामं करून जगेन. पण दादाला आंधळं झालेलं बघणं मला जमणार नव्हतं. बाबांना बघून झालं होतं, तेवढं पुरे होतं. आणि रात्रंदिवस मला माझंच वाक्य ऐकू यायचं, तू डोळे तपासून घे. जीभ कुठेतरी गहाण ठेवता आली असती तर ठेवली असती.

महिनाअखेरीला आठ दिवस उरले असताना वनरक्षक बाई आल्या. त्या जंगल खात्यात आहेत, तिशीच्या, कमी बोलणाऱ्या, आणि त्यांच्या खात्याच्या रायफली आमच्याकडे येतात. या वेळी पट्ट्याची कडी सैल झाली होती एवढंच काम होतं. रायफल हातात घेतल्यावर मी ओळखली. तिची मागची पट्टी मी महिन्यापूर्वी नवीन करून दिली होती. साधी खाच आणि माशी, दुर्बीण नाही.

सवयीने विचारलं, कशी चालतेय. त्या म्हणाल्या, जिथे बघते तिथे लागते, असं आजवर कधी मिळालं नव्हतं, तुमच्या भावाला सांगा.

मी कडी आवळायला घेतली आणि हात थांबला. महिन्यापूर्वी म्हणजे दादाच्या गोळ्या वर जायला लागल्यानंतर. ही रायफल मारून बघितली होती दादानेच, याच डोळ्यांनी. त्याने मला कागद आणून दिला होता, मी पट्टीला दोनदा कानस मारली होती, आणि तिसऱ्या कागदावर तो म्हणाला होता, झालं. डोळा जर माशी वर काढत असेल तर तो प्रत्येक रायफलीवर काढेल. एका रायफलीवर आंधळा आणि दुसरीवर डोळस, असा आजार मी तरी ऐकला नव्हता.

मी कडी लावून दिली. बाईंना म्हणाले, तुमचं एक काम पडेल कदाचित, रविवारी मोकळ्या आहात का. त्या हो म्हणाल्या आणि का म्हणून विचारलंही नाही. अशी माणसं मला आवडतात.

दादा तेव्हा पॉलिश आणायला बाजारात गेला होता. मी जिना चढून वर गेले आणि वहिनींना विचारलं, दादा स्वतःच्या रायफलीचे कागद रेंजवरून आणतो ते कुठे ठेवतो. मला त्याने एकही दाखवला नव्हता. वहिनींनी कपाटाच्या तळातून गुंडाळी काढली, वर्तमानपत्रात बांधलेली.

"तुम्हाला सांगू नका म्हणालेत," त्या म्हणाल्या. "दुपारी दुकानातून वर येतात तेव्हा डोळे मिटून चालतात. पलंगापासून मोरीपर्यंत किती पावलं, मोरीपासून जिन्यापर्यंत किती. आत्तापासून पाठ केलेलं बरं, म्हणतात."

मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले. रडायला वेळ नव्हता म्हणून रडले नाही.

मग गुंडाळी उलगडली. सात रविवार, सात कागद. काळ्या गोलाच्या वर, पार कागदाच्या कडेजवळ, पाच-पाच भोकांचे झुबके. मी पहिला कागद बघितला, दुसरा बघितला, आणि माझं मलाच हसू यायला लागलं. वहिनींना वाटलं असेल, हिचं डोकं फिरलं. भोकं वर होती, पण एकमेकांना चिकटून होती. प्रत्येक झुबका एका नाण्याखाली झाकला गेला असता. डोळा अधू झालेल्याची भोकं अशी नसतात. बाबांचे कागद मला आठवत होते, दाणे टाकल्यासारखी भोकं इकडेतिकडे पसरलेली. हा माणूस दर रविवारी एकाच जागी पाच गोळ्या मारून घरी येत होता आणि स्वतःला आंधळा समजत होता. भीती वाटली की माणूस भोकं मोजतो, बघत नाही.

पट्टी लावून मी अंतर मोजलं. गोलाच्या मध्यापासून झुबक्याच्या मध्यापर्यंत सोळा सेंटिमीटर, सतरा, साडेसोळा, पुन्हा साडेसोळा.

खाली आले. दादाची रायफल कपाटातून काढून शेगड्यात धरली आणि पुन्हा माशी मोजली. आठ. अगदी आठ. मग मी स्टुलावर बसले आणि त्या माशीकडे बघत राहिले. काहीतरी चुकलं आहे हे नक्की होतं आणि माप बरोबर होतं. कोपऱ्यात जुनी नळी उभी होती, झिजलेली असली तरी पोलाद चांगलं म्हणून मी ती टाकली नव्हती. सरळसोट, वरपासून खालपर्यंत सारखी जाड. तिच्याकडे नजर गेली आणि मी उठून दोन्ही नळ्यांची टोकं मोजली.

जुन्या नळीचं टोक बावीस मिलिमीटर जाड होतं. नव्या निमुळत्या नळीचं टोक अठरा.

गोष्ट इतकी साधी आहे की सांगायला लाज वाटते. माशी आणि खाच यांची उंची जुळवायची तर दोन्ही एकाच ठिकाणापासून मोजावी लागते, आणि ते ठिकाण म्हणजे नळीच्या भोकाचा मध्य, कारण गोळी तिथून जाते. नळीच्या पाठीला काय अर्थ आहे, ती कुठे जाड असते, कुठे बारीक. दोन भावांची उंची मोजायची आणि एकाला खड्ड्यात उभं करायचं, तसं मी केलं होतं. अर्धी जाडी अकरा अधिक आठ, म्हणजे जुनी माशी मध्यापासून एकोणीस मिलिमीटर उंच होती. नवी नऊ अधिक आठ, सतरा. दोन मिलिमीटर ठेंगणी. माशी ठेंगणी असली की तिचा माथा खाचेपर्यंत यावा म्हणून नळीचं तोंड वर उचलावं लागतं. खाच आणि माशी यांच्यात साडेसाठ सेंटिमीटर अंतर, निशाण पन्नास मीटरवर. दोन मिलिमीटरचे तिथे साडेसोळा सेंटिमीटर होतात. मी कागदावर गुणाकार केला, मग पुन्हा केला, आणि दोन्ही वेळा साडेसोळाच आले.

हे बाबांनी मला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. मी स्वतः इतरांना शिकवते. पण आमच्याकडे माशी बदलायची ती त्याच नळीवर, मग पाठीपासून मोजलं तरी भागतं, आणि वर्षानुवर्षं हाताला तीच सवय लागलेली. नळी आणि माशी दोन्ही नवीन, असं काम मी सव्वीस वर्षांत कधी केलंच नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. दोन महिने तो माणूस डोळे मिटून पावलं मोजत होता आणि चूक माझ्या शेगड्यात होती.

आणि तरीही खरं सांगते, माझा जीव भांड्यात पडला. माझ्यासारख्या बाईला आपली चूक सापडल्याचा इतका आनंद होईल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला दुकानाबाहेर काढलं असतं. चुकले, चुकले, असं मी मोठ्याने म्हणाले. दोन मिलिमीटरने चुकले. मग लगेच दहा मिलिमीटरची माशी करायला बसले.

दादा आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. जुनी नळी दाखवली, नवी दाखवली, गुणाकार दाखवला. त्याने ऐकून घेतलं. नवी माशी तळहातावर घेऊन बघितली. आणि मग तो तसाच हसला, बाबा हसायचे तसा.

"चांगली केलीस," तो म्हणाला. "पण माशी उंच केली की गोळी खाली येणारच. डोळा अधू असला तरी येणार. बाबांसाठीसुद्धा मी गुपचूप उंच माशी बसवली होती. त्यांना दोन महिने बरं वाटलं."

हे मला माहीत नव्हतं. त्यांच्या त्या दोन महिन्यांत मी घरभर पेढे वाटावेत इतकी खूश होते, एवढं आठवतं. दादाला वाटत होतं की मी तोच खेळ त्याच्याशी खेळते आहे. आकडे जुळवून आणायला मला काय वेळ लागतो, असं तो म्हणाला नाही, पण त्याच्या तोंडावर ते लिहिलेलं होतं. मला चीड आली आणि त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं.

मी म्हणाले, ठीक आहे. नवी माशी राहू दे खिशात. ठेंगणीच ठेवू, आणि रविवारी तुझ्याऐवजी दुसरं कुणी मारेल. ज्याचे डोळे तरुण आहेत असं कुणी.

दादा आपल्या रायफलीला कुणाला हात लावू देत नाही. वहिनींनाही पुसायला देत नाही. त्याने रायफलीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाला, कोण.

रविवारी सकाळी आम्ही चौघं रेंजवर होतो. वहिनी आयुष्यात पहिल्यांदा तिथे आल्या होत्या आणि गोळी सुटायच्या आधीच कानांवर हात ठेवून बसल्या होत्या. समोर मातीचा बांध, त्यापुढे लाकडी चौकटीत नवा कागद. वनरक्षक बाईंना मी मुद्दाम काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली, खाचेत माशी धरली, काळ्या गोलावर नेम धरला, आणि सावकाश पाच गोळ्या मारल्या. गोळी मध्ये लागली असती तर माझं सगळं गणित खोटं आणि दादाचं खरं. लोक निशाणावर लागावी म्हणून देव पाण्यात ठेवतात. मी ती चुकावी म्हणून ठेवले होते.

तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून दादा बसला होता. पाचवी गोळी झाली तरी तो उठला नाही. वनरक्षक बाई जरा ओशाळून म्हणाल्या, माझं काही चुकतंय का, मी मध्ये धरतेय आणि सगळ्या वर जातायत, जवळजवळ वीतभर.

दादाने डोळा काढला, रुमालाने दुर्बिणीची काच पुसली आणि पुन्हा बघितलं. मग माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"अगं गाढवे," तो म्हणाला, "नळीच्या पाठीवरून मोजलंस? निमुळत्या नळीला पाठीवरून? पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं ते तुला कळू नये? आणि वर मलाच डोळे तपास म्हणतेस?"

पुढे तो बरंच काही बोलला, त्यातलं काही वहिनींसमोर बोलायला नको होतं. मी मान खाली घालून उभी होते आणि मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. दोन महिन्यांत तो पहिल्यांदा माझ्यावर ओरडत होता. वहिनींनी कानांवरचे हात काढले होते आणि त्या रडत होत्या, आणि वनरक्षक बाई या कुटुंबापासून दोन पावलं मागे सरकून उभ्या होत्या.

दम लागला तेव्हा तो थांबला आणि हात पुढे केला. मी खिशातली माशी दिली. त्याने तिथेच ठोकून बदलली आणि पाच गोळ्या मारल्या. चार काळ्या गोलात लागल्या, पाचवी जरा डावीकडे. ती वाऱ्याने गेली म्हणाला. वारा अजिबात नव्हता, पण मी त्या दिवशी काही बोलायच्या परिस्थितीत नव्हते.

परत येताना गाडीत तो आपणहून म्हणाला, उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ. मला आश्चर्य वाटलं. आता कशाला, मी विचारलं, आता तर सिद्ध झालं. तो म्हणाला, आधी गेलो असतो तर शिक्षा ऐकायला गेलो असतो. आता नुसतं दाखवायला जाता येईल.

डोळ्यांच्या डॉक्टर बाई माझ्या वयाच्या होत्या, पन्नाशीच्या. त्यांनी दादाचे डोळे सावकाश तपासले, आतला दाब मोजला, थेंब घालून मागची नस बघितली. दादा दगडासारखा बसून होता. जवळचं वाचायला चष्मा लागेल, बाकी काही नाही, असं त्या म्हणाल्या तेव्हाही त्याने फक्त मान हलवली. मी मात्र खुर्चीत सैल झाले आणि पर्स उचलली. तेवढ्यात डॉक्टर बाईंनी दादाच्या कागदावर वडिलांचा काचबिंदू लिहिता लिहिता विचारलं, ह्या तुमच्या सख्ख्या बहीण का. दादा हो म्हणाला. मग त्यांनी मशीनसमोरच्या स्टुलाकडे हात केला आणि मला म्हणाल्या, या, बसा.

गंमत बघा. या दोन महिन्यांत बाबांना दोन मुलं आहेत हे माझ्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं. मी हनुवटी त्या पट्टीवर टेकवली आणि कपाळ लावलं. निळा दिवा डोळ्याच्या जवळ येत होता. हलू नका, त्या म्हणाल्या. मी हलले नाही, पण मनात पटकन मोजून घेतलं की माझ्या घरी पलंगापासून दारापर्यंत किती पावलं असतील. मला माहीत नव्हतं. जेमतेम दोन मिनिटं लागली असतील. दादाने हे दोन महिने सोसलं होतं.

"दाब ठीक आहे," डॉक्टर बाई म्हणाल्या. "नसही चांगली आहे. वर्षातून एकदा दोघांनीही दाखवत जा."

मी वळून बघितलं. दादा खुर्चीतून उठून उभा होता, माझी पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून, आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. स्वतःचं ऐकताना त्याने पापणीसुद्धा लववली नव्हती. मी म्हणाले, अरे, थेंबांमुळे येतंय का पाणी. तो नाही म्हणाला.

"मला झालं असतं तर पाच-सात वर्षांत तुझी पाळी होती," तो म्हणाला. "दोन महिने मी तेच धरून बसलो होतो. माझी पावलं तर पाठ झाली होती. तुझ्या घरात तुला कोण शिकवणार होतं?"

डॉक्टर बाईंनी कागद पुढे केले. त्याला थेंबांमुळे अक्षरं नीट दिसत नव्हती, म्हणून मी वाचून दाखवले आणि त्याचा हात धरून त्याला पायऱ्यांवरून खाली आणलं.